दुखणाऱ्या देहाने भाकर कमावताना



११ फेब्रुवारी हा लुर्ड्स मातेचा सण. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली हा दिवस आजाऱ्यांचा जागतिक दिन म्हणून ठरवून दिला आणि १९९३ पासून तो जगभर पाळला जातो. त्या दिवशी आपण अंथरुणाला खिळलेल्यांसाठी प्रार्थना करतो, त्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेतो. मात्र एका प्रकारचे आजारी आपल्या नजरेतून सुटतात. ते अंथरुणात नसतात. ते सकाळी साडेसहाच्या लोकलमध्ये असतात. त्यांची कंबर, मान, गुडघे किंवा बोटांचे सांधे वर्षानुवर्षे दुखत असतात आणि तरीही ते कामावर जातात, कारण घर त्यांच्यावर चालते. या रविवारचा अभ्यासपाठ त्यांच्याविषयी आहे.

हा पाठ लिहिण्यामागे एक कारण आहे आणि ते सांगताना मला थोडी लाज वाटते. मागील पावसाळ्यात एक भगिनी मिस्सानंतर मला भेटली. (तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून लिहीत आहे.) वय चाळिशीच्या आत, मुंबईत एका कार्यालयात नोकरी, घराचे कर्ज, शाळेत जाणारी दोन मुले. चार वर्षांपासून सांधेदुखी. तिने मला विचारले, "फादर, दुखतं म्हणून घरी बसू, की घर चालावं म्हणून दुखत राहू?"

मी घाईत होतो. दुसऱ्या मिस्साची वेळ झाली होती. मी म्हणालो, "बाई, आपलं दुःख येशूच्या वधस्तंभाशी जोड. तो बळ देईल." ती "थँक्यू फादर" म्हणाली आणि गेली. तीन आठवड्यांनी तिच्या नवऱ्याकडून कळले की तिने राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता आणि रोज तो घेऊन ऑफिसला जात होती. मी तिला सांगितलेले खोटे नव्हते, पण ते अर्धेच होते. तिने नोकरीविषयी विचारले होते आणि मी केवळ सहनशक्तीविषयी उत्तर दिले होते. उरलेले अर्धे उत्तर आज देण्याचा प्रयत्न करतो.

१. जुनाट वेदना म्हणजे काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त वाचला. सतराव्या शतकातील या विचारवंताने वेदना समजावण्यासाठी घंटेचा दाखला दिला. दोरीचे एक टोक ओढले की दुसऱ्या टोकाला घंटा वाजते, तसे पायाला चटका बसला की मेंदूत वेदना होते. पुढची तीनशे वर्षे बहुतेक सर्वांनी हेच गृहीत धरले. इजा तेवढी वेदना. इजा नाही तर वेदना नाही.

१९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी वेगळा विचार मांडला. त्यांच्या मते पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असते. शरीराकडून येणारे वेदनेचे संदेश त्या फाटकातून मेंदूकडे जातात आणि मेंदूही वरून ते फाटक कमीजास्त उघडू शकतो. म्हणूनच तीच इजा एकाला कमी आणि दुसऱ्याला अधिक दुखते. अपुरी झोप, काळजी आणि भीती यांनीही वेदना वाढते. त्या सिद्धांतात पुढे सुधारणा झाल्या, पण वेदना म्हणजे नुसती दोरी आणि घंटा नव्हे, हे कायमचे स्पष्ट झाले.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. संधिवातासारख्या आजारात सांध्यांना सूज असते आणि ती तपासणीत दिसते. फायब्रोमायल्जियासारख्या आजारात मात्र अंगभर दुखते, थकवा येतो, झोप लागूनही विश्रांती मिळत नाही, आणि एक्स-रे व रक्ताचे रिपोर्ट बहुधा ठीक येतात. आपल्या घंटेच्या भाषेत सांगायचे तर दोरी कोणी ओढत नाही, तरी घंटा वाजतच राहते. घंटा खरी आहे आणि आवाजही खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, जुनाट वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. तेव्हा "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग हिला झालंय काय?" असे म्हणणे अज्ञानाचे आहे आणि प्रेमाच्या विरुद्धही आहे.

एक सूचना येथेच देतो. जुन्या दुखण्यात नवा बदल झाला तर थांबू नये. पाय बधिर होणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप, कारण नसताना वजन घटणे, असे काही दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

२. संत पौल: काटा घेऊन काम करणारा माणूस

संत पौलाला आपण महान प्रेषित म्हणून ओळखतो. तो कामगारही होता, हे आपण विसरतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८ मध्ये तो करिंथ शहरात अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर राहून तंबू बनवण्याचे काम करतो. जाड कापड किंवा कातडे, सुया, तासन्‌तास वाकून बसणे, असे ते काम. याच पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या १२ व्या अध्यायात आपल्या देहातील काट्याविषयी लिहिले आहे. काटा म्हणजे नेमके कोणते दुखणे, हे तो सांगत नाही. जणू ज्याला ज्याला न दिसणारे दुखणे आहे, त्याला तेथे आपले नाव लिहिता यावे.

या उताऱ्यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, पौलाने तो काटा काढावा म्हणून प्रभूकडे तीनदा विनवणी केली. दुःख दूर व्हावे अशी इच्छा धरणे हे विश्वासाची कमतरता नव्हे. डॉक्टर बदलून पाहणे, फिजिओथेरपी घेणे, सवलत मागणे हेही त्या विनवणीचेच भाग आहेत.

दुसरी गोष्ट, काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, असे उत्तर मिळाले. ही कृपा पौलाला कशी मिळाली, ते पाहा. रोमकरांस पत्राच्या शेवटी तर्तियस नावाचा लेखनिक स्वतःचा नमस्कार कळवतो, कारण पौलाने सांगितले आणि त्याने लिहिले. पौल प्रवासाला सोबती घेऊन जात असे. फिलिप्पैकरांकडून त्याने मदतही स्वीकारली. कृपा त्याच्याकडे माणसांच्या हातांनी आली. त्याचे काम थांबले नाही, पण ते त्याने एकट्याने ओढलेही नाही.

तिसरी गोष्ट, त्याने आपला दुबळेपणा मंडळीपासून लपवला नाही. गलतीकरांस तर तो आठवण करून देतो की शरीराच्या आजारपणामुळेच तो प्रथम त्यांच्यात सुवार्ता सांगू शकला आणि त्यांनी त्याला तुच्छ मानले नाही.

आता याच पौलाचे एक वाक्य आपण आजारी माणसाच्या अंगावर फेकतो. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात तो म्हणतो की, जो काम करू इच्छित नाही त्याने खाऊही नये. शब्द नीट वाचा. तेथे प्रश्न इच्छेचा आहे, शक्तीचा नाही. ज्याची इच्छा आहे पण ज्याचे शरीर साथ देत नाही, त्याच्याविरुद्ध हे वाक्य वापरणे म्हणजे पवित्र शास्त्राचा दुरुपयोग आहे.

३. माणूस कामासाठी की काम माणसासाठी?

१४ सप्टेंबर १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमाविषयी 'लाबोरेम एक्सेर्सेन्स' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. त्याचे सार असे की कामाचे मोल प्रथम काम करणाऱ्या माणसामुळे ठरते, निघालेल्या मालामुळे नंतर. त्याच पत्रात अपंग व्यक्तींविषयी स्वतंत्र भाग आहे. तीही पूर्ण माणसे आहेत, त्यांना त्यांच्या शक्तीनुसार कामात सहभागी होता आले पाहिजे, आणि केवळ धडधाकट माणसांनाच कामाच्या जगात जागा देणे हा गंभीर अन्याय आहे, अशी शिकवण तेथे दिलेली आहे.

सुमारे अडीच वर्षांनी, ११ फेब्रुवारी १९८४ रोजी, त्याच पोपमहोदयांनी मानवी दुःखाविषयी 'साल्विफिची दोलोरिस' हे पत्र लिहिले. त्यात चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर सविस्तर चिंतन आहे. ख्रिस्त आपल्याला दोन गोष्टी शिकवतो: आपल्या दुःखातून भले करणे आणि दुःखी माणसाचे भले करणे. आम्ही धर्मगुरू आणि आपण सारे पहिली अर्धी गोष्ट दुसऱ्याला सांगतो आणि दुसरी अर्धी, जी आपण करायची असते, ती विसरतो. रस्त्यात पडलेल्या माणसाला शोमरोन्याने सहनशीलतेचा उपदेश केला नाही. त्याने जखमा बांधल्या आणि खर्चही उचलला.

पोपमहोदयांनी हे केवळ लिहिले नाही. पार्किन्सनच्या आजाराने थरथरणारे हात त्यांनी जगापासून लपवले नाहीत आणि २ एप्रिल २००५ रोजी निधन होईपर्यंत ते आपल्या पदावर राहिले. पोप फ्रान्सिस यांना सायटिका होती आणि गुडघेदुखीही. मे २०२२ पासून ते चाकांच्या खुर्चीत दिसू लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये ठरलेला आफ्रिकेचा दौरा त्यांना पुढे ढकलावा लागला, आणि २०२३ च्या सुरुवातीस त्यांनी तो पूर्ण केला. कधी थांबायचे, कधी खुर्ची घ्यायची आणि कधी निघायचे, हे त्यांनी आपल्या डोळ्यांसमोर करून दाखवले. खुर्ची घेतली म्हणून त्यांचे पोपपद कमी झाले नाही.

४. नोकरी करणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी

मी डॉक्टर नाही. डॉक्टरांकडून, वकिलांकडून आणि दुखणे सोसत नोकरी करणाऱ्यांकडून जे शिकलो, ते मांडतो.

_नोंद ठेवा._ दोन आठवडे एका वहीत लिहा: केव्हा दुखते, काय केल्यावर वाढते, झोप किती झाली. "सारखंच दुखतं" या वाक्यावर डॉक्टर किंवा साहेब फार काही करू शकत नाहीत. "एक तास सलग टायपिंग केलं की बोटं आखडतात" यावर काहीतरी करता येते.

_कामाचे तुकडे करा._ आपली सवय अशी की बरे वाटले त्या दिवशी साठलेले सगळे उरकून टाकायचे आणि पुढचे दोन दिवस पडून राहायचे. हे चक्र मोडायला हवे. वेदनेने थांबवण्याआधी आपण घड्याळाने थांबावे. अर्धा तास बसून काम, मग दोन मिनिटे उभे राहणे. चांगल्या दिवशीही थोडे कमी आणि वाईट दिवशीही थोडे तरी. जुनाट कंबरदुखीत दिवसेंदिवस झोपून राहिल्याने शरीर अधिक आखडते. चालणे आणि शिकवलेले व्यायाम बहुतेकांना उपयोगी पडतात. वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत. त्यांनी पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

_प्रवासाचा हिशेब करा._ विरार ते चर्चगेट अंतर साठ किलोमीटर. आपल्यापैकी अनेकांचे शरीर ऑफिसात नव्हे, तर गाडीत मोडते. कामाची वेळ तासभर मागेपुढे झाली, आठवड्यातून एखादा दिवस घरून काम मिळाले, तरी मोठा फरक पडतो. ज्यांच्याकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र आहे त्यांना लोकलमधील राखीव डब्यातून प्रवास करता येतो. त्या डब्यात धडधाकट माणसाने शिरू नये, हे वेगळे सांगायला नको.

_साहेबांशी बोला, पण तयारी करून._ संपूर्ण आजाराची कहाणी सांगण्याची गरज नसते. तीन गोष्टी सांगाव्यात: कोणते काम जड जाते, कोणता बदल हवा आणि त्या बदलाने आपण काय नीट करू शकू. उदाहरणार्थ: "सर, मला सलग उभं राहता येत नाही. काउंटरवर उंच स्टूल मिळालं तर मी पूर्ण पाळी करू शकेन." बोलणे झाल्यावर तेच दोन ओळींत लिहून द्यावे आणि डॉक्टरांचे पत्र जोडावे.

_कायदा माहीत असू द्या._ दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व नमूद आहे. केवळ 'जुनाट वेदना' असा प्रकार त्या यादीत नाही, परंतु आजारामुळे हातापायांच्या हालचालीवर कायमची मर्यादा आली असेल तर सरकारी रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. आरक्षणासारख्या अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर त्या कारणाने कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. त्याला त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर घ्यावे लागते. खासगी आस्थापनांनीही समान संधीचे धोरण जाहीर करावे, असे हा कायदा सांगतो. जे कामगार ईएसआय योजनेत आहेत आणि ज्यांची वर्गणी नियमाप्रमाणे भरलेली आहे, त्यांना डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने रक्कम मिळते. हक्क मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

_वाईट दिवशी राजीनामा देऊ नका._ संत इग्नेशियस लोयोला यांचा पाय १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने मोडला आणि ते आयुष्यभर लंगडत चालले. आध्यात्मिक साधनेविषयी त्यांनी घालून दिलेला एक नियम येथे अगदी लागू पडतो: मन उदास आणि अंधारलेले असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. वेदना शिगेला पोचलेली असते तेव्हा सगळेच अशक्य वाटते. तो दिवस जाऊ द्या. झोप झाल्यावर, पती-पत्नीने एकत्र बसून, पैशांचा हिशेब मांडून आणि डॉक्टरांना विचारून निर्णय घ्या. असा शांतपणे घेतलेला निर्णय नोकरी सोडण्याचा असला तरी तो पराभव नव्हे. कामाचे मोल माणसामुळे आहे आणि तो माणूस नोकरी गेल्यावरही तोच राहतो.

५. घराने आणि धर्मग्रामाने काय करावे?

"दिसतेस तर बरी!" हे वाक्य कृपया बंद करूया. पावडर लावून, केस विंचरून कामावर जाणारी स्त्री आपली वेदना झाकत असते, ती खोटे बोलत नसते. ऑफिसातून आल्यावर तिची दुसरी पाळी ओट्याजवळ सुरू होते. पतींनो आणि मोठ्या मुलांनो, भांडी घासणे, पाणी भरणे, स्टेशनपर्यंत सोडणे ही तुमची प्रार्थना समजा. "काय झालं?" असे रोज विचारण्यापेक्षा "आज काय करून देऊ?" असे विचारा.

आपल्यापैकी काही जण मालक आहेत. कोणाचे दुकान, कोणाचा कारखाना, कोणाची वाडी. तुमच्याकडे काम करणाऱ्या मजुराला पगारी रजा नाही, ईएसआयही नाही. खुडण्याचे, निवडण्याचे काम करताना बसायला पाट मिळाला, ओझे निम्मे करून दोन खेपांत नेता आले, तर तुमचे फारसे नुकसान होत नाही आणि तिची कंबर वाचते. पहिली सुधारणा मी स्वतःच्या दारातून करणे भाग होते. आपल्या चर्चची साफसफाई करणाऱ्या मावशी कित्येक वर्षे वाकून फरशी पुसत होत्या. त्यांचे गुडघे दुखतात, हे मी या पाठाची तयारी करताना प्रथमच विचारले. आता उभ्याने पुसायचा लांब दांड्याचा पोछा आला आहे. तो खूप आधी यायला हवा होता.

मिस्सामध्ये ज्यांना गुडघे टेकता येत नाहीत त्यांनी निःसंकोच बसून राहावे. प्रकृतीच्या कारणाने तशी मोकळीक ख्रिस्तसभेनेच दिली आहे. शेजारच्यांनी वळून पाहू नये. तसेच आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कार केवळ शेवटच्या घटकेसाठी आहे, हा गैरसमज सोडावा. गंभीर आजाराशी झुंजणाऱ्यांनी त्याविषयी माझ्याशी अवश्य बोलावे. या वेळी मी घाईत असणार नाही.

त्या भगिनीचे पुढे काय झाले? मी तिच्या घरी गेलो, क्षमा मागितली आणि ऐकून घेतले. तिने डॉक्टरांचे पत्र घेऊन साहेबांची भेट घेतली. कामाची वेळ एक तासाने पुढे गेली, फायलींचे उचलकाम दुसऱ्याकडे गेले. ज्या बढतीची ती वाट पाहत होती ती मात्र तिला मिळाली नाही, आणि त्याचे तिला वाईट वाटते. दुखणे आहेच. पण राजीनामा पर्समधून निघून कपाटात गेला आहे. "फाडला नाही हं फादर," ती म्हणाली, "पण रोज सोबत नेत नाही." मला वाटते, पौलाला मिळालेली पुरेशी कृपा कधी कधी अशीच दिसत असावी.

चिंतनासाठी प्रश्न

१. माझ्या घरात किंवा कामाच्या ठिकाणी कोणाचे दुखणे मी 'नाटक' समजलो आहे का?
२. मला स्वतःला मदतीची गरज असताना ती मागायला मी का लाजतो?
३. वाडीतील प्रार्थनासभेत बसून ठरवा: दुखणे घेऊन काम करणाऱ्या एका व्यक्तीसाठी या महिन्यात आपण कोणते एक काम करू?

प्रार्थना

हे प्रभू येशू, नाझरेथच्या सुतारशाळेत तुझे हात श्रमले आणि कालवारीवर तेच हात विंधले गेले. श्रम आणि वेदना दोन्ही तुला ठाऊक आहेत. दुखणाऱ्या देहाने भाकर कमावणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना आजच्या दिवसापुरते बळ दे. त्यांना मागण्याचे धैर्य दे आणि आम्हाला पाहण्याची दृष्टी दे. लुर्ड्स माते, आम्हासाठी विनंती कर. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू